योगराजने घोटलेली फरशी

योगराज पाटील एकोणीस वर्षांचा असताना शिंदखेड्याहून सुरतेला आला. आधी दोन वर्षं मागावर काढली, पण त्या खटखटाटात त्याचा जीव रमेना. मग सुरतेच्या उधना भागातल्या एका मिस्त्रीच्या हाताखाली तो फरशीकाम शिकला, आणि तिथे त्याला आपला हात सापडला. कोटा फरशी घोटावी तर योगराजने, असं ठेकेदार म्हणत. त्याने घोटलेल्या फरशीत छतावरची ट्यूबलाइट सरळ दिसायची, कुठे मोडायची नाही. बायको म्हणायची, या माणसाला देवाच्या मूर्तीपेक्षा देवळाची फरशी आधी दिसते.

कडोदऱ्याच्या बाजूला एका ट्रस्टने जनावरांचा दवाखाना बांधायला घेतला आणि फरशीचं काम योगराजकडे आलं. तिथल्या डॉक्टर वृषाली सोनवणे उधन्याच्याच. वडील रेल्वेत होते. नकाशा इंजिनिअरने काढला होता, तरी त्यावरची प्रत्येक रेघ वृषालीताईंनी त्याच्याशी भांडून बदलून घेतली होती. मोठ्या जनावरांच्या हॉलचं दार रुंद, उतार लांब आणि सावकाश, वाटेत काटकोनातलं वळण एकही नाही. कुत्र्या-मांजरांची बाजू वेगळी, तिथे कोटा चालेल. पण गाई-म्हशींच्या हॉलमध्ये सिमेंटचा खरखरीत कोबा, आणि त्यात वीतभर अंतरावर आडव्या-उभ्या खाचा.

योगराजला त्यांनी जागेवर नेऊन सांगितलं होतं, "मिस्त्री, माणसाचा पाय घसरला तर तो भिंत धरतो. म्हशीला धरायला काही नसतं."

योगराजने मान हलवली. त्याला हे सांगायची गरज नव्हती. त्याच्या घरी म्हशी होत्याच. गावाकडे गोठ्यात कोणी गुळगुळीत दगड बसवत नाही, मुरूम ठोकतात.

कोबा झाला, खाचा पडल्या. उद्घाटनाला पंधरा दिवस उरले असताना वृषालीताई प्रशिक्षणाला आणंदला गेल्या. त्याच आठवड्यात एक विश्वस्त काम बघायला आले. पुढचा भाग चकचकीत, आणि आतला हॉल राखाडी, ओबडधोबड. त्यांच्या कपाळावर आठी आली.

"हे अर्धवट का ठेवलंय?"

"डॉक्टरबाईंनी तसंच सांगितलंय शेठ. जनावरांसाठी."

"लोक बघायला येणार, फोटो निघणार. तबेल्यासारखं दिसतंय. योगराजभाई, तुमचा हात इथे दिसू द्या की."

वृषालीताईंचा नंबर त्याच्या फोनमध्ये होता. सहा दिवस फोन खिशातच राहिला. त्या सहा दिवसांत योगराजने खाचांवर सिमेंटचा माल भरला, कोटा बसवला आणि मशीन फिरवून असा घोटला, की काम संपल्यावर तो स्वतःच दारात उभा राहून बघत बसला.

ताई परत आल्या आणि हॉल बघून तडक विश्वस्तांकडे गेल्या. ट्रस्टशी वाद झाला. शेवटी रबरी मॅट टाकायच्या ठरल्या. मॅट येईपर्यंत गोणपाट अंथरायचे, असं त्यांनी नोकरांना बजावलं. उद्घाटनाला त्याच विश्वस्तांनी योगराजच्या खांद्यावर शाल घातली. आयुष्यात पहिल्यांदाच. त्याला त्या क्षणी फार बरं वाटलं, आणि हेच पुढे त्याला सगळ्यात जास्त टोचत राहिलं.

तिसऱ्या आठवड्यात त्याच्या गल्लीमागच्या, गावाकडच्याच धुरपदाबाईंची म्हैस लंगडायला लागली. खुरात जखम चिघळली होती. धुरपदाबाई विधवा, दोन म्हशींच्या दुधावर घर चालायचं. योगराजच त्यांना म्हणाला, "माय, कडोदऱ्याला नेऊ. तो दवाखाना मी केलाय."

टेम्पोतून म्हैस त्यानेच उतरवली, दोरी त्याच्याच हातात. मॅट अजून आल्या नव्हत्या, हॉल नुकताच धुतला होता. धुरपदाबाई मागे टेम्पोपाशीच होत्या तेव्हा नोकर योगराजला म्हणाला, "जरा थांबा, गोणपाट आणतो." तो आत गेला. योगराज थांबला नाही. धुरपदाबाईंना दाखवायची त्याला घाई होती.

"बघ माय, चेहरा दिसतो यात," असं म्हणत त्याने दोरी ओढली.

म्हशीचे पुढचे पाय फरशीवर टेकले. मागचे आले आणि दोन दिशांना फाकले. ती पोटावर आपटली. उठायला धडपडली तसे पाय आणखी फाकत गेले. काहीतरी मोडल्याचा आवाज त्या दोघांनी ऐकला, आणि तोवर धावत आलेल्या वृषालीताईंनीही.

ताईंनी पट्टे लावून, कप्पीने उचलून सगळं करून पाहिलं. कमरेचं हाड गेलं होतं. पाचव्या दिवशी म्हैस मेली. खुराची जखम तोवर भरत आली होती.

दुसऱ्या दिवशी योगराज कटर मशीन घेऊन दवाखान्यात हजर झाला. त्याला कोणी बोलावलं नव्हतं. ताई म्हणाल्या, "हॉलला मी कुलूप लावायला हवं होतं. भांडत बसले."

"तुम्ही सांगितलं होतं ताई. मला कळलंही होतं."

तीन दिवस त्याने आपल्याच आरशात खाचा पाडल्या, आडव्या-उभ्या, वीतभर अंतरावर. ते विश्वस्त एकदा येऊन बघून गेले.

धुरपदाबाईंना मात्र अजून वाटत होतं की हा नशिबाचा खेळ. दोन महिने योगराजने तसंच वाटू दिलं. मग एका दुपारी तो त्यांच्या गोठ्यात गेला आणि खाली बसून सगळं सांगितलं: नकाशा, खाचा, न केलेला फोन, गोणपाट.

धुरपदाबाई शेण भरत होत्या. हात थांबला.

"तुले म्हाईत व्हतं?"

"हो माय."

"मंग बोलना का बरं नही?"

का बोललो नाही, हे योगराज मनात शोधत राहिला. शेठला घाबरलो म्हणावं तर ते पुरतं खरं नव्हतं. काम चांगलं दिसेल म्हणून, असं म्हणायला जीभ वळेना. बाई शेणाची पाटी उचलून बाहेर निघून गेल्या.

उरलेली म्हैस त्यांनी नंतर विकली. एकटं जनावर राहत नाही, असं त्या शेजाऱ्यांना म्हणाल्या. आता त्या घरी बसून साड्यांना लेस लावतात. गल्लीत योगराज समोरून आला तर तोंड फिरवत नाहीत, "जेवला का" असंही विचारतात. पण सुरतेत आल्यापासून तो ज्यांना माय म्हणत आला, त्या त्याला पूर्वी "योगराज" अशी एकेरी हाक मारायच्या. आता "मिस्त्री" म्हणतात.