उरकुडाजी आणि माझा खोकला

टायरमध्ये रुतलेला खिळा डोळ्यांना धडधडीत दिसत असला, तरी उरकुडाजी त्या जागेला हात लावत नसे. आधी अख्खी टूब बाहेर काढायची, हवा भरायची आणि घमेल्यातल्या पाण्यात वीत वीत फिरवून पाहायची. गिऱ्हाईक घाईत असले तर त्याने दुसरीकडे जावे. "खिळ्याच्या मागं लागू नये गुरुजी," तो मला म्हणायचा. "खिळा दिसते. दुसरं भोक लपून राहते."

वरठीला स्टेशनच्या रस्त्यावर त्याचे सायकलचे दुकान होते. मागे दोन खोल्या होत्या. एकीत तो आणि त्याची बायको वच्छलाबाई राहत, दुसरी त्याने मला भाड्याने दिली होती. ही सत्तरीच्या दशकातली गोष्ट. मी पवनीचा, हायस्कुलात नवा नवा लागलेला मास्तर. पन्नाशीचा उरकुडाजी अंगाने काटक होता, कानात विझलेली बिडी ठेवायचा आणि कोणत्याही विषयावर त्याचे मत तयार असायचे. ते बहुतेक वेळा बरोबर निघायचे, म्हणून त्याचा रागही यायचा.

त्याच वर्षी दिवाळीनंतर मला खोकला लागला. ताप नाही, सर्दी नाही, नुसता कोरडा खोकला. सकाळी उठलो की अर्धा तास दम लागेपर्यंत खोकायचो आणि वर्गात फळ्याकडे वळलो की पुन्हा सुरू. अडुळसा झाला, हळद-दूध झाले. भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी थुंकी तपासली, छातीचा फोटो काढला. सगळे स्वच्छ. "काही नाही," ते म्हणाले. काही नाही म्हटल्यावर माणसाने आनंदी व्हावे, पण खोकला काही डॉक्टरांचे ऐकत नव्हता.

आणि माझे लग्न ठरले होते. साकोलीची कुसुम. तिचे वडील, पाटबंधारे खात्यात कारकून, सुपारी फुटल्यावर मला भेटायला म्हणून वरठीला आले आणि तासाभरात त्यांनी माझा खोकला नीट ऐकून घेतला. त्यांच्या धाकट्या भावाला क्षयाने नेले होते. जाताना ते सभ्यपणे म्हणाले, संक्रांतीपर्यंत पाहू. म्हणजे काय ते मला कळले. कुसुमला मी एकदाच पाहिले होते, पण तेवढ्याने माझे काम झाले होते. ती सोयरीक मोडली असती तर मला फार लागले असते. शिवाय एकदा 'छातीचा' असा शिक्का बसला की त्या मुलखात दुसरे स्थळही आले नसते.

हे ऐकून उरकुडाजीने माझा खोकला आपल्या ताब्यात घेतला. पाना खाली ठेवला आणि म्हणाला, "डॉक्टरनं फोटो काढला म्हणजे खिळा पाहिला. टूब कुठं पाण्यात घातली? आठ आठ दिवस एक एक गोष्ट बंद करा. ज्या आठवड्यात खोकला थांबला, तेच भोक."

पहिला नंबर खडूचा लागला. आठ दिवस मी मुलांकडून फळा लिहून घेतला आणि स्वतः दाराशी उभा राहून शिकवले. हेडमास्तरांनी दोनदा विचारले. खोकला तसाच. मग माझा घासलेटचा स्टोव्ह बंद. आठ दिवस वच्छलाबाईच्या चुलीवरचे जेवलो. त्या आठवड्यात माझे वजन वाढले, खोकला मात्र कमी झाला नाही. तिसऱ्या आठवड्यात उरकुडाजीने स्वतःची बिडी सोडली, कारण तिचा धूर फटीतून माझ्याकडे येत होता. बिडीविना उरकुडाजी म्हणजे भुकेले रेडकू. गिऱ्हाइकांवर खेकसला, बायकोशी भांडला, पण आठ दिवसांत एक झुरका घेतला नाही. इंजिनाच्या धुरासाठी खिडकीला पोतेही लावून झाले. कशाने काही होईना. संक्रांत पंधरा दिवसांवर आली, तरी त्याचा आवाज तितकाच खणखणीत. "भोक हाये म्हणजे सापडतेच," तो म्हणायचा. "आपून अजून त्या वितेवर पोचलो नाही, एवढंच."

मधेच मी दोन दिवस पवनीला घरी गेलो. दुसऱ्या सकाळी उठलो तो खोकल्याविना. आईने ते श्रेय आपल्या हातच्या भाकरीला दिले. वरठीला परतलो आणि एका रात्रीत खोकला हजर. हे उरकुडाजीला सांगितले, तेव्हा तो टायरवर बसला होता. त्याने एकच विचारले, "तिथं कायच्यावर झोपता?"

मी म्हटले, खाटेवर, गोधडी अंथरून.

तो उठला, माझ्या खोलीत गेला आणि माझी गादी अंगणात ओढून आणली.

ती गादी त्यानेच दिली होती. आमच्याकडे थंडी पडली की अंथरुणाखाली तणस घालतात, म्हणजे मळणी झाल्यावर उरलेले धानाचे काड. दिवाळीनंतर माझी सतरंजी पाहून उरकुडाजीने आपल्या शेतातले नवे तणस दोन पोत्यांत ठासून, तोंडे शिवून माझ्यासाठी गादी केली होती. मी जास्त खोकू लागलो तसे थंडी बाधत असेल म्हणून त्याने तीत आणखी तणस भरले होते. ऊब होती, वासही छान होता. त्या वर्षी कापून ठेवलेल्या धानावर पाऊस पडला होता. दोन दिवस ऊन दाखवले की झाले, असे त्याला वाटले.

त्याने चाकूने शिवण उसवली. वरचे तणस पिवळेधमक होते. आतले काळे पडून गोळा झालेले, आणि हात घालताच त्यातून पांढरी भुकटी उडाली. मी खोकलो. तोही खोकला.

"सगळं पाण्यात घातलं," तो हळूच म्हणाला, "माहा हात लागला तेवढंच सोडलं."

गादी जाळली. दोन-तीन दिवसांत माझा खोकला गेला, तो कायमचा. मी साकोलीला एक सविस्तर, मुद्देसूद पत्र लिहिले, डॉक्टरांच्या कागदाची नक्कल जोडली. त्याच आठवड्यात उरकुडाजी दुकान बंद ठेवून एक दिवस पुतण्याकडे जाऊन आला. संक्रांतीनंतर होकार आला आणि उन्हाळ्यात लग्न झाले. त्या पत्राचा मला पुढे कितीतरी वर्षे अभिमान होता. उरकुडाजीत एकच फरक पडला. टूब पाण्यात घातली की तो आधी जुनी, स्वतः लावलेली ठिगळे पाहू लागला.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर तो गेला. माझी बदली झालेली होती. मातीला जाऊन परतताना साकोलीला उतरलो. सासऱ्यांना सांगितले, तर ते म्हणाले, तुमचं पत्र आलं तेव्हा मी नकाराचं पत्र लिहून ठेवलं होतं. पोरगा आजार लपवून राहिला, असंच ते वाचूनही वाटलं मला.

माझे पत्र पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी उरकुडाजी त्यांच्या दारात उभा होता. पुतण्याकडे जातो असे मला सांगून तो गेला होता, तोच हा दिवस. हातात फडक्यात बांधलेले काळे तणस, गादी जाळण्याआधी काढून ठेवलेले. चहा घेण्याआधी त्याने गाठोडे सोडले आणि सगळे सांगितले. सासऱ्यांनी विचारले, ही तुमची चूक तुम्ही नसती सांगितली, तर कोणाले कळलं असतं?

"कोणाले नाही," उरकुडाजी म्हणाला होता. "पण पंक्चर माह्या हातचं, अन् टूब फेकली असती गुरुजीची."

हे मला कधी का सांगितले नाही, असे त्याला निदान एकदा विचारायचे होते. आता कोणाला विचारणार? माहेरी आलेली कुसुम दारात उभी राहून ऐकत होती. तिने डोळे पुसले आणि आत जाऊन माझे अंथरूण घातले.