चाचांनी शिवलेली बॅग

नांदेडला आमच्या गल्लीच्या तोंडाशी चाचांचं बॅग दुरुस्तीचं दुकान होतं. आता तिथं मोबाईल मिळतात. भोकर, हिमायतनगरकडची पोरं आखातात नोकरीला निघाली की चेन बसवायला चाचांकडेच येत. चाचा चेनवर मेणबत्ती घासत विचारायचे, "अम्मीनं खायला काय बांधून दिलं?" उत्तर ऐकल्याशिवाय बॅग सोडायचे नाहीत.

मग परदेशात एक प्रवासी विमान उडाल्यावर थोड्याच वेळात बॉम्बनं फुटलं. बॉम्ब कुणाच्या तरी बॅगेत होता. त्या विमानात चाचांचा धाकटा भाऊ होता, सुट्टीला घरी निघालेला.

पुढं दुकान उघडलं, पण चाचा दप्तरं आणि छत्र्याच शिवू लागले. प्रवासाची बॅग आणली की म्हणायचे, "न्हाई जमत आता."

माझी मुलगी शिकायला जर्मनीला निघाली आणि ऐन वेळी तिच्या बॅगेची चेन तुटली. मी भीत भीतच गेलो.

"कोण जाऊन राहिलं, सर?"

"मुलगी."

चाचांनी बॅग जवळ ओढली. चेन बसवून झाल्यावर त्या रिकाम्या बॅगेचा एकेक कप्पा त्यांनी हातानं चाचपला. पैसे घेतले नाहीत.

दुसऱ्या दिवशी विमानतळावर पाहतो तर कुंपणापाशी चाचा उभे. मुलीचं मुंबईला जाणारं विमान उडालं. चाचांनी माझं मनगट घट्ट धरलं. विमान बारीक झालं, आवाजही विरला.

"चला चाचा, घरी जाऊ," मी म्हणालो.

त्यांची नजर वरच होती. "थांबा सर. अजून जरा वर जाऊ द्या."