बुरूजघराचे चिरे

आमच्या बुरूजघर मंडळाचे किस्से तिथल्या चिऱ्यांसारखेच आहेत. एक हलवला की मागून चार घरंगळतात, आणि बहुतेक माझ्याच पायावर!

दिल्लीला जुन्या वास्तूंचं जतन शिकून मी मालवणजवळच्या आमच्या गावी परतले. खाडीवरच्या टेकाडावर बुरूजघर आहे. कुणा सरदाराने राहायला आणि गलबतांवर नजर ठेवायला बांधलेलं, तीन मजली, जांभ्याचं. आता एकच भिंत उरलीय. पावसाआधी तिला आधार दिला नाही तर तीही जाणार, आणि चिरे गावभर पांगलेले! मंडळाच्या पहिल्याच मीटिंगमध्ये मी टेबलावर हात आपटला, "ही वारशाची चोरी आहे! ज्याच्या घरी चिरा असेल, त्याने परत आणावा!"

टाळ्या पडल्या. चिरा एकही आला नाही.

*

मग मी फलक केला, 'ऐतिहासिक वास्तू. हात लावू नये.' भिंतीत खिळाही मीच ठोकला. दुसऱ्या ठोक्याला तीन चिरे खाली!

आमचा खजिनदार बाबल्या म्हणाला, "गो, हात लावू नये म्हणान लिवलंस, आणि हातोडो लावलंस?"

*

गणूकाकांच्या गोठ्यात चिरे सापडले. मी तिथेच भाषण सुरू केलं, "काका, हा मध्ययुगीन दगड आहे!"

"माका कित्याक सांगतंस? म्हशीक सांग. तीच बसली आसा थंय."

मी खरंच म्हशीकडे वळले. मंडळ अजून तेच सांगून हसतं.

*

गावातल्या जाकीनबाबच्या अंगणातल्या खुरसाखाली, म्हणजे क्रूसाखालीही तेच चिरे. मी तावातावाने गेले.

"आणतंय गो बाय," तो म्हणाला, "पण आवय रोज हंय मेणवाती लावता. तिका तूच सांग."

त्याची आई बाहेर आली, मला खुर्ची दिली, वर पेज वाढली. मी पेज जेवून परत आले.

*

तरी कामाच्या दिवशी माणसं आली. गणूकाकांनी म्हैस हलवून चिरे आणले. खुरसाचे सोडून जाकीनबाबनेही पायरीचे दोन काढून आणले. माझा ऊर भरून आला.

आमच्याकडे गाऱ्हाण्याशिवाय कुदळ उचलत नाहीत. एकाने देवाला सांगायचं, बाकीच्यांनी होकार भरायचा. गावचे मानकरी आबा गावकर नारळ घेऊन उभे राहिले.

"बा देवा म्हाराजा! ही भिंत उभी रव्हांदे!"

"होय म्हाराजा!"

"ही पोरगी चिरे परत मागता, तां बरां करता म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" मी जोरात म्हणाले.

"पण तिच्या घराचा आख्खा जोता ह्याच बुरूजघराच्या चिऱ्यांचा आसा. तिच्या बोलण्यान तां घर पडाक देव नको म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

सगळ्यांत मोठा आवाज माझ्या बाबांचा होता.