मंजुश्रीची साठ उत्तरं

मंजुश्री निलंग्याची. तिचे वडील वीरण्णा यांचं किराणा दुकान आमच्या घरासमोर. आम्ही दोघी पहिलीपासून एका बाकावर. पुढे ती लातूरला नर्स झाली. मी तिथेच इंग्रजी साहित्य घेऊन बी. ए. केलं.

गेल्या वर्षी इंग्लंडमधल्या एका इस्पितळाने तिला नोकरी देऊ केली. अट एकच. जूनअखेर आयईएलटीएस ही इंग्रजीची परीक्षा पास. लिहिण्या-वाचण्याचं तिला काही वाटत नव्हतं. बोलण्यात मात्र नऊपैकी सात हवे होते, आणि बोलायचीच तिला भीती.

"उत्तरं लिहून दे," ती म्हणाली. "पाठ करते. बारावीला तसंच केलं की. बायोलॉजीत अठ्ठ्याण्णव पडले."

लातुरात शिकलेल्या कुणालाही यात वावगं वाटलं नसतं. इथे अभ्यास म्हणजे पाठांतर, उजळणी, परत पाठांतर. मलाही वाटलं नाही. नेहमी विचारतात अशा साठ प्रश्नांची उत्तरं मी वहीत लिहिली. माझ्या वाक्यांचा मला अभिमान होता. समुद्रावरच्या सहलीचं उत्तर तर फार देखणं उतरलं होतं. मंजुश्रीने समुद्र पाहिलेला नव्हता.

चार महिने ती ड्यूटीला जाता-येता पुटपुटत राहिली. वीरण्णाकाका गिऱ्हाइकाला साखर बांधून देताना सांगायचे, "पोरगी इंग्लंडला चालली. साठच्या साठ पाठ हायत तिला."

परीक्षा हैदराबादला होती, जूनच्या तिसऱ्या आठवड्यात. मी सोबत गेले. बोलण्याच्या परीक्षेतून पाव तासात ती बाहेर आली. चेहरा उजळला होता.

"तुझं म्हातारं आलं गं! ओळखीच्या म्हाताऱ्या माणसाबद्दल सांगा. सगळं म्हटलं. एक शब्द सोडला न्हाई."

माझ्या उत्तरातला म्हातारा डोंगरावर राहणारा माळी होता. गुलाब लावायचा.

"मग पुढे काही विचारलं?"

"हाव. त्याच्याशी कधी भांडलीस का म्हणे. ते वहीत नव्हतं. मग बागेचं परत सांगितलं."



पाच दिवसांनी निकाल आला. ऐकणं साडेसात. वाचन सात. लेखन साडेसहा. बोलणं पाच.

पुढची मोकळी तारीख जुलैतली होती. जागा दुसऱ्या मुलीला गेली.

वीरण्णाकाकांनी मला दुकानात बोलावलं. "पोरी, उत्तरं तू लिहिली. मग नापास आमची कशी झाली?" ते रागावले नव्हते. त्यांना खरंच कळत नव्हतं.

ऑगस्टमध्ये मी मंजुश्रीला भेटायला लातूरच्या इस्पितळात गेले. तिच्या वॉर्डात गुरुबसप्पा नावाचे आजोबा होते. खुब्याचं हाड मोडलेलं, मे महिन्यापासून पडून. त्यांची सून इंग्लंडची, तिला मराठी येत नाही. मंजुश्री तिच्याशी फोनवर बोलत होती. इंग्रजीत. क्रियापदं चुकत होती, हात हलत होते. ती सांगत होती:

आजोबांनी आज मला शिवी दिली. मीठ दिलं नाही म्हणून. मग मीही भांडले. मग ते रुसले. मग चार घास खिचडी खाल्ली, पण माझ्याकडे पाठ करून.

पलीकडे सून खळखळून हसली. तिला सगळं कळलं होतं.

फोन ठेवल्यावर मी विचारलं, "मंजू, हे असंच का नाही सांगितलंस तिथे?"

"कुठलं?"

"हे. आजोबांचं. भांडण झालेलं. तेव्हाही ते इथंच होते की."

ती माझ्याकडे बघत राहिली. "हे कुठं इंग्रजी हाय? तू लिहिलेलं ते इंग्रजी."

मग तिने आजोबांची चादर नीट केली आणि हसून म्हणाली, "तुझं समुद्राचं अजून येतं मला. म्हणू?"

मी नको म्हणायच्या आत तिने सुरुवात केली. हात मागे बांधून, सरळ उभी राहून.

एक शब्द सुटला नाही.