झुलालची सव्वा मूठ

धरणगावात अजून सांगतात, की झुलालची दारू सुटली ती यावलकडच्या एका बाबाच्या भस्मानं. सुंदरबाईनं म्हणे चिमूटभर भस्म गुपचूप कढीत कालवलं, नवऱ्यानं ती कढी भुरकली, आणि तेव्हापासून गुत्त्याचं नुसतं दार दिसलं तरी त्याला सटासट शिंका येतात. सांगणाऱ्याचा चेहरा असा गंभीर, की ऐकणाऱ्यालाच शिंक यावी.

भस्म आणलं होतं हे खरं. कढीत कालवलं हेही खरं. पण त्या दिवशी झुलाल जेवायला आलाच नाही. ती कढी प्याला पाहुणा आलेला सुंदरबाईचा भाऊ, भजनात टाळ धरणारा, दारूला जन्मात बोट न लावलेला माणूस. बिचारा तीन दिवस शिंकत होता. भस्माचा गुण तेवढाच.

खरी गोष्ट अशी, की सदतीस साली झुलाल जिनवर कापसाच्या गाठी बांधत होता आणि गुत्त्यावर स्वतःच सुटत होता. माणूस रेड्यासारखा दांडगा, दोन गड्यांचं काम एकटा ओढी. संध्याकाळी जिनचा भोंगा झाला की बाकीचे घराकडे वळत, झुलाल गुत्त्याकडे. विचारलं तर म्हणे, अंग दुखतं म्हणून घेतो. सोमवारी पाय दुखत, मंगळवारी कंबर, आणि बुधवारी दुखायला काही उरलं नाही तर सोबतच्या गड्याची कंबर.

आता कानबाई. नागपंचमीनंतरच्या रविवारी आपल्याकडे कानबाई देवी बसते आणि सगळी भाऊबंदकी, म्हणजे एका कुळातली सगळी घरं, एका घरी जमून रोट खाते. त्या रोटांचे गहू आदल्या दिवशी मापतात. घरातल्या दर पुरुषामागे सव्वा मूठ, पाळण्यातल्या पोराचीसुद्धा. नाव घ्यायचं आणि मूठ सुपात टाकायची. झुलालची मूठ भाऊबंदकीत सगळ्यात भरघोस, म्हणून मापायचा मान त्याचा.

त्या साली झुलाल आला तो तर्र होऊन. थोरले अभिमन नाना समोर पाटावर बसलेले. झुलालनं एकेक नाव घेत मुठी टाकल्या. स्वतःचं नाव दोनदा घेतलं, दोन्हीदा मन लावून सव्वा सव्वा मूठ टाकली, आणि हात झटकून म्हणाला, "झायं बठ्ठं." सगळं झालं म्हणे.

"आनि मी रे?" नाना म्हणाले.

झुलालनं डोळे बारीक करून त्यांच्याकडे पाहिलं. "तुम्ही कोन?"

बायकांनी तोंडात पदर कोंबले. नाना हसले नाहीत. "बठ्ठासनी देखत माले जिवतपनी मारी टाकं तू! किती पिना?"

"मी? मी पिनूच नही," झुलाल म्हणाला, आणि सुपाशेजारीच आडवा झाला.

नानांनी तिथल्या तिथं सांगून टाकलं: पुढच्या कानबाईपर्यंत झुलालनं दारूला शिवायचं नाही. शिवला तर सुपात त्याची मूठ पडणार नाही, भाऊबंदकीत त्याचं नाव घेतलं जाणार नाही.

ही शिक्षा झुलालला लागण्याआधी सुंदरबाईला लागली. दुसऱ्या दिवशी ती त्याच्यासमोर कुंकवाचा करंडा घेऊन बसली. "मूठमा नाव नही म्हनजे घरमा मानूस नही. मंग हाई मी कोनं लावू, तेवढं सांगा."

झुलालला त्या करंड्याकडे बघवेना. त्यानं शपथ घेतली. पहिली मारुतीची, ती चार दिवस टिकली. दुसरी लेकीच्या डोक्यावर हात ठेवून, ती आठ दिवस. तिसरी शपथ त्यानं कार्तिकात घेतली आणि ती मोडली कशी हे त्यालाच कळलं नाही. जिनवरून निघाला होता तो घराकडे, पोचला तो गुत्त्यावर, आणि हातात ग्लास होता. त्या दिवशी पहिल्यांदा त्याला स्वतःची भीती वाटली.

मग त्यानं जे केलं ते गावात कुणीच केलं नव्हतं. भर दुपारी तो भंवरलाल शेठच्या किराणा दुकानात शिरला. शेठ भागाबाईला गूळ जोखून देत होते.

"शेठ, माले दारू सुटत नही. तीन शपथा खाद्यात, तिन्ही पची गयात."

"मग मला काय सांगतोस? वैद्याकडे जा."

"वैद्यले काय मालूम? तुमले मालूम शे."

"मला?" शेठनी तराजू गुळासकट खाली ठेवला. "अरे, मी तर..."

झुलालनं पायरीकडे बोट दाखवलं. तिथं शेठचे लाल मारवाडी जोडे होते, टोकाला मोर काढलेले. गावात तसे दुसरे नव्हते. "गुत्त्यान्या मांगल्या दारशी ह्याच जोडा ऱ्हातस ना रोज?"

भागाबाईचा त्या दिवशी पावशेर गूळ अर्धा तास झाला तरी घेऊन होईना. एवढ्या बारकाईनं गुळातली काडी निवडताना तिला कुणी पाहिलं नव्हतं.

शेठ आधी लाल झाले, मग पांढरे, आणि मग धपकन पोत्यावर बसले. हे शेठ महिन्यातून दोनदा कोर्टाच्या कामासाठी धुळ्याला जात. कोर्टात त्यांची एकही केस नव्हती, गुत्ते मात्र धुळ्यातही होते. "माझीपण सुटत नाही रे झुलाल," ते म्हणाले. "घरी जतनबाईला वाटतं मी दम्याचं औषध घेतो." आणि त्यांना एकाएकी हसू फुटलं. बारा वर्षांत हे वाक्य त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. झुलालही हसू लागला. दोघं डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले, आणि भागाबाई गूळ न घेताच पळाली, कारण बातमी गुळापेक्षा गोड होती.

ठरलं ते असं. भोंगा झाला की झुलालनं कुठंही न बघता सरळ शेठच्या ओट्यावर यायचं आणि दिवेलागण होऊन गुत्त्याची वेळ टळेपर्यंत दोघांनी एकमेकांना सोडायचं नाही. पण रिकाम्या पोटी नुसतं बसलं की दारूच आठवे. चंपाषष्ठी होऊन गेली होती, वांगी सुरू झाली होती. दुकानामागच्या परसात दोघांनी पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्या पेटवल्या आणि वांगी भाजायला घेतली. हिरव्या मिरच्या, लसूण, शेंगदाणे, वर कच्चं तेल, आणि सुंदरबाईच्या ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी. त्या वासानं तिसऱ्या दिवशी पुना गाडीवान आला.

"मी बी दारू पेस," तो म्हणाला. "पन आज भरीतकरता उनू."

आठ दिवस तो भरीतासाठीच आला. नवव्या दिवशी खाली मान घालून स्वतःच्या पिण्याबद्दल बोलू लागला.

नियम एकच: खोटं बोलायचं नाही. आदल्या दिवशी ज्यानं घेतली असेल त्यानं जेवणाआधी सांगायचं, आणि त्या दिवशीची सगळी वांगी त्यानं गरमगरम बोटांनी सोलायची. त्याला कुणी एक शब्द बोलायचा नाही. पहिला महिनाभर शेठची बोटं इतकी काळी होती, की जतनबाईनं शेजारी सांगितलं, हे आता दुकान सोडून आचारी होणार! पुनानं तर एकदा सलग पाच दिवस वांगी सोलली आणि वैतागून म्हणाला, "दारूपेक्षा हाईच जास्ती चटकस." सहाव्या दिवशी सोलायची पाळी त्याच्यावर आली नाही.

झुलाल मात्र पौषापासून कोरडा. रंग परत आला, आवाज परत आला. संध्याकाळी परसातून हसण्याचा असा गदारोळ उठे, की गुत्त्यावर बसलेले लोक माना वळवून पाहत, तिथं अशी कोणती चढते.

आणि मग आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, आली. झाडाला झोके, गावभर पत्त्यांचे फड. झुलाल सासुरवाडीला गेला, तिथं ना ओटा ना शेठ. फडात ग्लास फिरत फिरत त्याच्यापाशी आला आणि त्यानं घेतला. एकच. दुसऱ्या दिवशी त्यानं ओट्यावर सांगितलं आणि मुकाट्यानं वांगी सोलली.

श्रावण जवळ आला तसा पुना म्हणू लागला, "नानाले सांगू नको. कोनी देखं? आठ महिनामा एक ग्लास!"

"नाही सांगितलंस तर तू त्या ग्लासापाशीच राहशील," शेठ म्हणाले. "पण मूठ तुझी आहे. तू ठरव."

गहू मापायच्या दिवशी नानांच्या घरी सगळी भाऊबंदकी बसली. सुंदरबाई दाराशी, हात पदरात घट्ट. नानांनी सूप पुढं सरकवलं. झुलालनं नावं घेतली, पहिलं नानांचं, मग पाळण्यापर्यंत सगळी. स्वतःचं घेतलं नाही. मूठ मिटून म्हणाला, "नाना, आखाजीले मी एक ग्लास पिनू. मन्ही मूठ नका टाकू."

सुंदरबाईनं डोळे मिटले.

"कोनी देखं?" नानांनी विचारलं.

"आपला गावना कोनीच नही. मीच सांगी ऱ्हायनू."

नानांनी सूप स्वतःकडे ओढलं. मग म्हणाले, "मांगला साल बठ्ठासनी देखत पडेल व्हता, तवय म्हने पिनूच नही. औंदा कोनी देखं नही, तं म्हनस पिनू." त्यांनी स्वतःचा सुरकुतलेला हात गव्हात घातला, "झुलाल" असं खणखणीत नाव घेतलं आणि सव्वा मूठ सुपात टाकली.

झुलाल बाहेर आला तर मागून नानांचा थोरला मुलगा वना आला. इकडं तिकडं बघत हळूच म्हणाला, "झुलालभो, शेठना वट्टावर आखो एक मानूसनी जागा शे का?"

सोमवारी सकाळी कानबाई विसर्जनाला नदीकडे निघाली. डफ, ढोल, फुगड्या, गुलाल. झुलाल सगळ्यात पुढं असा नाचत होता की रस्ता पुरेना. ओट्यावरून शेठ टाळ्या पिटत होते, पुनानं बैलगाडी मध्येच सोडून उडी घेतली होती, आणि सुंदरबाईचं कुंकू घामानं नाकापर्यंत उतरलं होतं, तरी ती पुसायला तयार नव्हती.

गर्दीतून भागाबाईनं हाक मारली, "काय झुलालभो, आज सकायमाच पीसन उना वाटतं?"

झुलाल थांबला, धापा टाकत म्हणाला, "अक्का, दारू पेल ऱ्हाऊ तवय मी कव्हय नाचनू का? लिंबडाखाले आडा पडेल ऱ्हाऊ. वीस वरीस व्हयनात, कानबाईनं तोंड आज पहिल्यांदा देखं मी."