लिंपलेली भेग

सरकारी घरकुलाच्या पाहणीसाठी ग्रामसेवकांबरोबर सखूमावशींच्या दारात गेलो, तेव्हापासून मला चैन नाही. घर पडकं दिसलं तरच यादीत नाव लागतं. मावशींनी मात्र साहेब येणार म्हणून भिंतींच्या सगळ्या भेगा मातीनं लिंपल्या होत्या, अंगणही सारवलं होतं.

"मावशी, हे कशाला केलंत? फोटोत घर चांगलं दिसेल," ग्रामसेवक कळवळून म्हणाले.

"दारात माणसं येणार, मग तसंच ठेवू व्हय?"

गरज पटवून द्यायला माणसानं किती उघडं पडायचं, हा प्रश्न तेव्हा मला टोचला, अजून टोचतो. ग्रामसेवकांनी एका भेगेवरची ओली माती नखानं खरवडली आणि फोटोसाठी ते मागे सरकले. तेवढ्यात मावशींनी तळहातानं ती भेग पुन्हा बुजवली.