चिखल समजून ओतलेलं भांडं

चिंचवडहून निघालो तेव्हा टॅक्सीवाला हॉर्नवर हॉर्न देत होता आणि बाबा सोसायटीच्या गेटपाशी माझी बॅग घट्ट धरून उभे होते. माझ्या नवऱ्याला, महेशला, जपानमध्ये, नागोयाच्या एका मोटार कंपनीत तीन वर्षांचं पोस्टिंग मिळालं होतं. सगळी सोसायटी बघत होती म्हणून आई रडली नाही. बाबा एवढंच म्हणाले, "परक्या गावात आधी हात चालव, मग तोंड. माणसं आपोआप आपली होतात."

तीन वर्षांची नऊ झाली. सुरुवातीला तोंड चालवायची सोयच नव्हती, भाषाच येत नव्हती. मग हात चालवला तो कचऱ्यावर. इकडे राहणाऱ्यांना सांगायला नको: जळणारा वेगळा, प्लास्टिक वेगळं, बाटल्या वेगळ्या, आणि चुकलात तर तुमची पिशवी लाल स्टिकर मिरवत सगळ्यांसमोर तिथेच पडून राहते. पहिल्या वर्षी आमच्या पिशव्यांनी बिल्डिंगभर आमचं नाव काढलं. पुढे मी इतकी तयार झाले की शेजारच्या आजी मला विचारू लागल्या, आज कशाचा वार आहे. मला त्याचा फार गर्व होता.

गेल्या पावसाळ्यात इथून दोन तासांवरच्या खोऱ्यात नदी घरांत शिरली, आणि मी स्वयंसेवक म्हणून नाव दिलं. दर शनिवारी बस. गमबूट, मास्क, छातीवर नाव लिहिलेली चिकटपट्टी. वीस मिनिटं फावडं, मग शिट्टी, मग दहा मिनिटं सक्तीची विश्रांती. डबा आपला आपण न्यायचा, घरच्यांकडून काही म्हणजे काही घ्यायचं नाही. चहाला नाही म्हणून कुणाच्या दारातून उठायचं, हे मला चिखलापेक्षा जड गेलं. आणखी एक नियम होता: विचारल्याशिवाय काही टाकायचं नाही.

तिसऱ्या शनिवारी हयाशी-सान नावाच्या, एकट्या राहणाऱ्या ऐंशीच्या आजींचं स्वयंपाकघर माझ्या वाट्याला आलं. मी दिवाळीच्या साफसफाईला लागतात तशी पदर खोचून लागले. वरच्या फळीवर एक एनॅमलचं झाकणाचं भांडं होतं. आत ओलं, तपकिरी, आंबूस वासाचं काहीतरी. घरभर चिखलच होता, त्यात काय विचारायचं? मी ते चिखलाच्या पोत्यात ओतलं, भांडं लख्ख घासलं आणि कौतुकाने त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी आत पाहिलं. मग कमरेत वाकून माझे आभार मानले. मीही खुशीत वाकले. पोती ट्रकमधून गेली.

परतीच्या बसमध्ये आमचे टीमलीडर ओकुबो-सान शेजारी येऊन बसले आणि हळू आवाजात म्हणाले, तो कोंडा होता. भाताचा कोंडा, मीठ घालून आंबवलेला, रोज हाताने हलवायचा आणि त्यात काकड्या, मुळे मुरवायचे. हयाशी-सानना तो सासूने दिला होता. पाणी चढू लागलं तेव्हा त्यांनी औषधांच्याही आधी ते भांडं वर ठेवलं होतं.

मला समजायला अजून काही सांगावं लागलं नाही. टोकियोजवळच्या इचिकावातल्या मैत्रिणीकडून शिंकानसेनमध्ये, म्हणजे बुलेट ट्रेनमध्ये, मांडीवर डबा धरून विरजण आणलेली बाई मी. मास्कच्या आत रडले.

"झालं ते झालं," महेश म्हणाला, "आता दुसऱ्या गावाला जा." मी त्याच्यावर खूप चिडले, कारण माझ्याही मनात तेच होतं.

पण विरजण कधी एकाच घरात नसतं. कुणीतरी वाटीभर नेलेलं असतंच. पुढच्या शनिवारी मी पुन्हा त्याच गावाची बस धरली आणि विश्रांतीच्या दहा-दहा मिनिटांत, मोडक्यातोडक्या जपानीत, हयाशी-सानचा कोंडा कुणी नेला होता का, असं दारोदार विचारत सुटले. पुरामुळे घर सोडून शाळेच्या जिममध्ये राहणाऱ्यांनाही विचारलं. काहींना वाटलं, मला लोणचं हवंय. असे तीन शनिवार गेले. चौथ्या शनिवारी चढावरच्या एका शेतकरीणबाई म्हणाल्या, त्यांच्या आईने हयाशी-सानकडूनच नेला होता. त्यांनी मला डबाभर काढून दिला.

हयाशी-साननी बोट घातलं, वास घेतला, चाखलं. "जरा खारट झालाय," त्या म्हणाल्या, आणि कोंडा आपल्या त्या भांड्यात ओतून, बाही सारून मनगटापर्यंत हात आत घातला. बराच वेळ हलवत राहिल्या. मग अर्धा कोंडा डब्यात भरून माझ्या हातात दिला. "एकाच घरात ठेवू नये. तुम्हीही सांभाळा." मी नियमाच्या धाकाने ओकुबो-सानकडे पाहिलं. ते डोंगराकडे बघत होते.

आता रोज सकाळी बाइतोला, म्हणजे माझ्या अर्धवेळ नोकरीला, निघण्याआधी मी कोंड्यात हात घालते. शनिवारची बस अजून चालू आहे.

परवा आई फोनवर म्हणाली, "दिवाळीला चांगली महिनाभर राहा घरी."

"दहा दिवसांच्या वर नाही गं जमणार. घरी कोंडा हलवायला कोणी नाही. महेश दहा दिवस हलवेल, पुढे त्याचा भरवसा नाही."

बोलून गेल्यावर माझं मलाच ऐकू आलं. नऊ वर्षं मी घर म्हणत होते ते फक्त चिंचवडला. आईच्याही ते लक्षात आलं असणार.

"खराब होतो का तो लगेच?" तिने विचारलं.

"हो."

"मग दहा दिवसच ये," आई म्हणाली.